बिजागरीतली केबल आणि वाढीव वॉरंटी

पडदा मध्येच काळा व्हायचा. यंत्र चालू असायचं, पंख्याचा आवाज यायचा, कीबोर्डचे दिवे लागलेले असायचे, लावलेलं गाणंसुद्धा थांबायचं नाही. फक्त समोर काही दिसायचं नाही. कधी दोन-चार सेकंदांत चित्र परत यायचं, तर कधी यायचंच नाही आणि झाकण मिटून पुन्हा उघडावं लागायचं. लॅपटॉप तेव्हा १९ महिन्यांचा होता. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपली होती, पण खरेदीच्या वेळीच दुकानातून ‘तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी’ घेऊन ठेवली होती, म्हणून मी निर्धास्त होते. हा त्या वॉरंटीचा रिव्ह्यू आहे, आणि तिच्यापायी ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी चार वेळा लॅपटॉप जमा केला, त्या सेंटरचाही.

मी अनुवाद करते. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला माझा, असं रोज आठ-नऊ तास पडद्याकडे बघत बसायचं काम आहे. लॅपटॉप नाही त्या दिवशी काम नाही. पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत पाच महिने गेले. पैसे एकदाही भरावे लागले नाहीत आणि आज यंत्र ठणठणीत आहे. तरीही हे लिहावंसं वाटलं, कारण त्या पाच महिन्यांपैकी साडेचार महिने ज्या कारणाने वाया गेले ते कारण अगदी साधं होतं: मी सांगितलेली तक्रार कोणी पूर्ण लिहूनच घेतली नव्हती.

पहिली अडचण फोनवरच आली. दुकानाने योजना विकली होती, योजना चालवणारी कंपनी वेगळी होती आणि दुरुस्ती करणारं सेंटर तिसरंच. दुकान म्हणालं, योजनेच्या कंपनीला फोन करा. कंपनी म्हणाली, सेंटरला घेऊन जा. सेंटर म्हणालं, आधी कंपनीकडून मंजुरीचा नंबर आणा. दोन दिवस यातच गेले. या काळात मी योजनेचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. ‘तीन वर्षं’ खरेदीच्या तारखेपासून मोजलेली होती. त्यातलं पहिलं वर्ष लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वॉरंटीतच होतं, म्हणजे मी पैसे मोजले ते प्रत्यक्षात दोन वर्षांसाठी. फसवणूक म्हणता येणार नाही, दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. बॅटरी आणि चार्जर त्यात नव्हते. पडून फुटणं किंवा पाणी सांडणंही नव्हतं, त्याला वेगळं ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण लागतं आणि ते वेगळ्या पैशांत मिळतं. बरेच जण या दोन गोष्टी एकच समजतात. मीही समजत होते.

सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काय प्रॉब्लेम आहे, मॅडम?” मी सांगितलं: सकाळी लॅपटॉप सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास काही होत नाही, यंत्र गरम झालं की पडदा काळा होतो, आवाज सुरू राहतो, झाकण मिटून उघडलं की बहुतेक वेळा परत येतं. तिने ऐकून घेतलं आणि जॉब शीटवर लिहिलं: ‘डिस्प्ले इश्यू’. माझी चार वाक्यं दोन शब्दांत बसली. मी सही केली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे जे जे झालं ते त्या दोन शब्दांमुळे झालं. काउंटरवरची व्यक्ती आणि आत टेबलावर यंत्र उघडणारा इंजिनिअर एकमेकांशी बोलत नाहीत. दिवसभरात कितीतरी यंत्रं येतात, तेवढा वेळच नसतो. इंजिनिअरच्या हातात यंत्र येतं आणि सोबत जॉब शीट. तिच्यावर ‘डिस्प्ले इश्यू’ असेल तर तो पडदा लावून बघणार, रंग नीट दिसतात का, ठिपके मेले आहेत का ते तपासणार आणि रात्रभर चाचणी लावून ठेवणार. माझ्या यंत्राचं तसंच झालं. रात्रभरात पडदा एकदाही गेला नाही. शेरा आला, ‘नो फॉल्ट फाउंड’. तरी काहीतरी करायचं म्हणून त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिलं.

डेटाची जबाबदारी आमची नाही, या वाक्याखाली यंत्र देतानाच सही घेतात. जवळजवळ सगळीकडे घेतात. माझ्या फायली दोन वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून काही बुडालं नाही, पण अनुवादाची स्मृती (आधी केलेली वाक्यं जपून ठेवणारी फाइल), शब्दसूची, फाँट आणि हजार बारीक सेटिंग्ज पुन्हा बसवण्यात दीड दिवस गेला. यंत्र घरी आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी पडदा काळा झाला.

दुसऱ्या वेळी मी मोबाइलवर व्हिडिओ घेऊन गेले. पडदा जातो, आवाज चालू आहे, परत येतो, असा सव्वा मिनिटाचा. व्हिडिओ दाखवताच काउंटरवरचं बोलणं बदललं. ‘असं होतंच नाही’ पासून ‘पॅनल बदलावं लागेल’ इथपर्यंत आम्ही पाच मिनिटांत पोहोचलो. येऊन-जाऊन होणारा बिघाड असेल तर तोंडी सांगण्यात वेळ घालवू नका, व्हिडिओ काढून न्या. पॅनल, म्हणजे पडद्याचा चित्र दाखवणारा भाग, यायला ११ दिवस लागले. बदललेल्या भागांसाठी ‘नवीन किंवा नव्यासारखा दुरुस्त केलेला’ असे शब्द वॉरंटीच्या अटींत सहसा असतात आणि माझ्याही कागदांत होते. आलेलं पॅनल मात्र निर्दोष होतं, आधीपेक्षा उजेडाला थोडं बरंच. सहाव्या दिवशी ते काळं झालं.

तिसरी वेळ सगळ्यात त्रासाची होती. आता त्यांनी मदरबोर्ड, म्हणजे यंत्राचा मुख्य बोर्ड, बदलायचं ठरवलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, पॅनल नवं आहे, म्हणजे बोर्डच असणार. पॅनल आणि बोर्ड यांच्या मध्येही काहीतरी असतं, हे त्या दिवशी माझ्याही डोक्यात आलं नाही. बोर्ड बदलला आणि सेंटरमधून फोन आला: “मॅडम, पासवर्ड मागतोय. नसेल तर फॉरमॅट करून देतो.” मी म्हटलं, थांबा, हात लावू नका. तो पासवर्ड नव्हता. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या सुरक्षा व्यवस्थेशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की डिस्कला वाटतं, आपल्याला दुसऱ्याच यंत्रात घातलंय. मग ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. मी खातं उघडून की कागदावर उतरवली, सेंटरमध्ये जाऊन सहा-सहा अंकांचे आठ गट स्वतः टाइप केले आणि डिस्क उघडली. मी फोनवर ‘करा फॉरमॅट’ म्हटलं असतं तर काही कारण नसताना दुसऱ्यांदा सगळं पुसलं गेलं असतं. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी ही की शोधून कागदावर लिहून ठेवा. पुढचं काही वाचलं नाही तरी एवढं करा.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी घडल्या. यंत्र परत घेताना जॉब शीटच्या एका कोपऱ्यात ‘फिजिकल डॅमेज: हो’ अशी खूण दिसली. खालच्या कडेला नखाएवढा ओरखडा आहे, पहिल्या महिन्यापासूनचा. पण या खुणेचा अर्थ मोठा होतो, कारण आपटल्याचा संशय आला की पुढचा दावा नाकारता येतो. मी यंत्र देण्याआधी चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढले होते, पहिल्या फेरीपासून दर वेळी. तिन्ही तारखांचे फोटो समोर ठेवले, ओरखडा तिन्हींत तसाच होता. मॅनेजरने खूण खोडून बाजूला सही केली. भांडण झालं नाही. फोटो नसते तर झालं असतं.

दुसरी गोष्ट मला घरी आल्यावर कळली. ड्रायव्हर अपडेट करणारा कंपनीचा प्रोग्राम उघडला तर तो म्हणाला, हे यंत्र ओळखता येत नाही. नव्या बोर्डावर माझ्या लॅपटॉपचा सिरियल नंबर चढवलाच नव्हता. तळावरच्या स्टिकरवर नंबर होता आणि यंत्राच्या आत ती जागा कोरी. वॉरंटी त्या नंबरावर चालते. असं यंत्र पुढच्या वेळी काउंटरवर गेलं असतं तर ‘जुळत नाही’ म्हणून परत आलं असतं. पुन्हा गेले. त्यांनी दहा मिनिटांत नंबर चढवून दिला आणि माफीही मागितली, ती मनापासून होती. बोर्ड बदलून मिळाला की काउंटर सोडण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिरियल नंबर दिसतो का ते बघा.

चार दिवसांनी पडदा काळा झाला.

तेव्हा मी बदली यंत्र मागितलं. योजनेत तशी तरतूद होती आणि ती वाचूनच मी फोन केला होता. फोनवरच्या बाईंनी तेच कलम मला पुन्हा वाचून दाखवलं: ‘एकाच भागात’ तीन वेळा बिघाड झाल्यास. माझ्या बाबतीत पहिल्यांदा काहीच सापडलं नव्हतं, दुसऱ्यांदा पॅनल, तिसऱ्यांदा बोर्ड. तीन वेगळे भाग, प्रत्येकाचा बिघाड जास्तीत जास्त एक. तक्रार एकच असली तरी हिशोब भागांचा होता. मी लेखी तक्रार केली, तिन्ही जॉब शीट जोडल्या, तिन्हींवर ‘डिस्प्ले इश्यू’ हेच शब्द आहेत हे दाखवलं. आठ दिवसांनी त्यांनी मान्य केलं. पण दिलं काय? त्याच ‘श्रेणी’चं दुसरं मॉडेल, किंवा घसारा वजा करून उरलेली रक्कम. त्या मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली, निम्मी, वाढवता न येणारी. मी स्वतः घालून घेतलेली रॅम गेली असती. इंटरनेटच्या केबलचं पोर्टही नव्हतं. घसारा वजा केलेल्या रकमेत माझ्या यंत्राएवढं यंत्र येत नव्हतं. बदली हा शब्द ऐकायला भरघोस वाटतो. माझा अनुभव असा की होता तोच लॅपटॉप नीट होऊन मिळणं त्या दोन्हींपेक्षा चांगलं.

निर्णयासाठी त्यांनी आठवडा दिला होता. त्या आठवड्यात मैत्रिणीकडून एक मॉनिटर आणला, केवळ काम अडू नये म्हणून. लॅपटॉपला जोडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉपचा पडदा काळा झाला. मॉनिटरवर चित्र स्वच्छ होतं, जराही हललं नव्हतं. मी हातातलं काम सोडून बघत बसले. बाहेर चित्र नीट जातंय, म्हणजे चित्र तयार करणारा बोर्ड ठीक. पॅनल तर नवंच. मग झाकणाला हात लावला. मागे केलं, चित्र आलं. पुढे आणलं, गेलं. पुन्हा मागे, आलं. माझ्या टेबलामागे खिडकी आहे, तिचा उजेड पडद्यावर पडतो म्हणून मी झाकण जवळजवळ काटकोनात ठेवते. सेंटरच्या टेबलावर यंत्र तपासताना झाकण सताड उघडं असतं. रात्रभराच्या चाचणीत काही न सापडण्याचं कारण एवढंच होतं.

बोर्डापासून पॅनलपर्यंत चित्र नेणारी एक पातळ केबल बिजागरीतून जाते. झाकण उघडताना-मिटताना दर वेळी ती वाकते. वर्षभरात हजारदा तरी वाकत असेल. आतली एखादी केसाएवढी तार तुटत आली की एका विशिष्ट कोनात ती सुटते आणि दुसऱ्या कोनात पुन्हा टेकते. गरम झाल्यावर भाग किंचित प्रसरण पावतात, म्हणून यंत्र थंड असताना हे होत नसावं. हे काही नवलाचं नाही. २०१६ सालच्या मॅकबुक प्रोमध्ये असाच दोष निघाला होता. झाकण जास्त उघडलं की पडद्यामागचा उजेड जायचा. यंत्रं उघडून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सइटच्या लोकांनी २०१८ चं मॉडेल उघडून पाहिलं तेव्हा त्यातली केबल २ मिलिमीटर लांब केलेली सापडली. मे २०१९ मध्ये ॲपलने २०१६ च्या १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर केला. माझा लॅपटॉप त्या कंपनीचा नाही, पण हे वाचल्यावर माझी खात्री पटली. असे कार्यक्रम वॉरंटी संपल्यानंतरही लागू असू शकतात. इंटेलने २०२४ मध्ये १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, ३ ची ५ केली. मोठ्या दुरुस्तीचे पैसे भरण्याआधी आपल्या मॉडेलच्या नावाने असं काही जाहीर झालंय का हे बघायला दहा मिनिटं लागतात.

चौथ्या वेळी मी बदली नाकारली आणि दोन अटी घातल्या. जॉब शीटवरची तक्रार मी सांगेन त्या शब्दांत लिहायची, आणि यंत्र उघडणाऱ्या इंजिनिअरशी मला पाच मिनिटं बोलू द्यायचं. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी अर्धा तास बसले. मग आतून एक पंचविशीचा मुलगा आला, स्थिर विजेपासून भाग जपायला मनगटावर बांधतात तो पट्टा न काढता. मी व्हिडिओ दाखवला: एकाच चौकटीत मॉनिटर, लॅपटॉप आणि झाकण मागे-पुढे करणारा माझा हात. त्याने एकदाच पाहिला. म्हणाला, “ताई, हे पहिल्या वेळी लिहिलं असतं तर त्याच दिवशी झालं असतं.” मी सांगितलं, पहिल्या वेळी कोन मलाही माहीत नव्हता, पण गरम झाल्यावर जातं आणि झाकण मिटून उघडलं की येतं हे मी सांगितलं होतं. त्याने मागच्या तिन्ही शीट उलटून पाहिल्या आणि काही बोलला नाही. केबल दोन दिवसांत आली, बसवायला त्याला चाळीस मिनिटं लागली. जुनी केबल मी मागून घेतली. बिजागरीपाशी वळते तिथे तिचं वेष्टण पांढरं पडलंय आणि बोट फिरवलं की आतली तार टोचते.

त्या मुलाला मी पाचपैकी पाच देईन. सेंटरला तीन. माणसं सभ्य होती, एकदाही उद्धटपणा झाला नाही, चूक दाखवल्यावर मान्य केली. दोन गुण गेले ते आत-बाहेर बोलणं नसण्यापायी, आणि एक साधी तपासणी तीन वेळा राहिली म्हणून. बाहेरचा मॉनिटर जोडून बघणं ही पडद्याच्या कुठल्याही तक्रारीत पहिल्या पाच मिनिटांत करायची गोष्ट आहे. ती केली असती तर एक पॅनल आणि एक मदरबोर्ड वाचला असता. ते दोन्ही चांगले भाग होते, कोणाच्या तरी कामाला आले असते. याचं मला आजही वाईट वाटतं.

वॉरंटीला दोन. पुन्हा घेईन का, असं ओळखीच्या चार जणांनी तरी विचारलं. लॅपटॉपसाठी घेईन, पण ज्याने यंत्र बनवलं त्याच्याकडूनच, पहिली वॉरंटी संपायच्या आत. मधली कंपनी नसेल तर मंजुरीच्या नंबरासाठीचे दोन दिवस आणि ‘भागा’चा वाद दोन्ही टळतात. लॅपटॉपमध्ये आता रॅमपासून प्रोसेसरपर्यंत बरंच काही एकाच बोर्डावर असतं. एक चिप गेली तरी अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तोच खर्च सगळ्यात मोठा, म्हणून तिथे वाढीव वॉरंटीला अर्थ आहे. सुटे भाग जोडून केलेल्या डेस्कटॉपसाठी मी घेणार नाही. त्यातल्या एसएसडीला, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कला, बनवणाऱ्याची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी बहुधा असतेच, पॉवर सप्लायला कधी त्याहून जास्त, आणि बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो. घेणाऱ्यांनी काउंटरवर तीन प्रश्न जरूर विचारावेत: मुदत कुठल्या तारखेपासून, दुरुस्ती नक्की कोण करणार, आणि बदलीची वेळ आली तर हिशोब तक्रारीचा की भागाचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला वेळ लागतो. मिळेपर्यंत थांबावं.

नव्या केबलला स्वतःची ९० दिवसांची हमी होती, ती गेल्या आठवड्यात संपली. मूळ योजनेचे अजून नऊ महिने शिल्लक आहेत. हे सगळं त्याच लॅपटॉपवर लिहिलं, झाकण काटकोनात ठेवून, दुपारभर. चौथी जॉब शीट मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली आहे. तक्रारीच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून तिथल्या मुलीने समासात लिहिलं आहे: ‘यंत्र गरम झाल्यावर, झाकण काटकोनात असताना पडदा काळा. झाकण मागे केल्यास चित्र येते. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र सतत नीट. आवाज चालू राहतो.’